उंबऱ्याच्या आत चप्पल

चामखिळीला कोण भितं? कुणाच्या मानेवर असते, कुणाच्या पापणीवर. लोक सांगतात, घोड्याच्या शेपटीचा केस बांध, आपोआप गळून पडते. मीपण हेच म्हणत आले. माझ्या तळपायाच्या एका चामखिळीपायी आमच्या घरातलं एक माणूस दवाखान्यात पडेल, आणि त्याचा पाय राहतो का जातो इथवर गोष्ट येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून लिहायला बसले. ज्यांच्या घरात शुगरचं माणूस आहे त्यांनी तर हे वाचाच.

खडा

मी शेंद्र्याला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. पूर्ण पाळी उभ्यानं काम आणि पायात कंपनीचे जड बूट. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी उजवा बूट काढून झटकला, टाचेच्या पुढं खडा टोचत होता. खडा काही पडला नाही. दुसऱ्या दिवशी परत झटकला, मोजा उलटा करून पाहिला. मग लक्षात आलं की खडा बुटात नाही, पायातच आहे.

घरी आल्यावर सासूबाईंना दाखवलं. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. आत्या मूळच्या सिल्लोडकडच्या खेड्यातल्या. मामा, म्हणजे माझे सासरे, वारले तेव्हापासून आमच्याजवळ चिकलठाण्याला राहतात. त्यांनी चष्मा लावून लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला, "कुरूप हाय. बस खाली, बिब्बा टेकवते."

बिब्बा म्हणजे काळं, बदामाएवढं, टणक फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल फुटतं. ते भेगेवर, काटा मोडलेल्या जागी, कुरुपावर टेकवायचं. चटका लागला की थांबायचं, एवढाच त्याचा नेम. आत्यांचा त्यात हातखंडा. गावाकडं कापसाच्या दिवसांत बाया रांगेनं त्यांच्याकडं पाय घेऊन बसायच्या. पण मला लहानपणी बिब्बा उतला होता, अंगभर फोड आले होते. मी म्हटलं, "आत्या, जीव घ्या, पण बिब्बा नको." त्या म्हणाल्या, आजकालच्या पोरी नाजूक झाल्या, आणि विषय सोडला.

मग मी आपल्या मनानं सुरू केलं. अंघोळीला बसलं की टाचांच्या भेगा काढायच्या वजरीनं खसाखसा घासायचं, आणि रविवारी ब्लेडनं वरचं कडक कातडं सोलायचं. वजरी घरात एकच. पितळी, वर मोराची मूठ, आत्यांच्या माहेराहून आलेली. मोरीतल्या कोनाड्यात असायची, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. मी घासायची, आमचे हे घासायचे, आत्या तर रोज. यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तुमच्याही घरात असंच चालत असेल.

"घरात शुगर कोणाला आहे?"

दोन महिन्यांत एका खड्याचे तीन झाले. चालताना मी पाय वाकडा टाकायला लागले आणि कंबर धरली. शेवटी जालना रोडवरच्या एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी वरचा थर हळूच खरवडला आणि मला मोबाइलवर फोटो काढून दाखवला. आत काळे ठिपके होते. मला वाटलं सडलंय.

त्या म्हणाल्या, "घाबरू नका ताई, सडलेलं नाही. पण हे कुरूपही नाही. ही चामखीळ आहे, वजनानं आत दाबली गेली." काळे ठिपके म्हणजे बारीक नसांत गोठलेलं रक्त. मग त्यांनी फोटो मोठा केला. तळपायाला हाताच्या बोटांसारख्याच बारीक रेघा असतात. कुरूप असलं तर त्या रेघा वरून सरळ जातात. चामखिळीपाशी मात्र त्या तुटतात आणि बाजूनं वळसा घेतात. "ज्या दिवशी या रेघा परत जुळतील ना, त्या दिवशी समजा गेली," असं त्या म्हणाल्या. मला ते फार आवडलं. डॉक्टर लोक इतकं सोपं कधी बोलत नाहीत.

मला जरा हायसं वाटलं तोच त्यांनी विचारलं, "घरात शुगर कोणाला आहे?"

म्हटलं, सासूबाईंना आहे, लई वर्षांपासून. त्यांनी परत विचारलं, पायाला कळतं का त्यांच्या, म्हणजे टोचलेलं समजतं का? मी काट्याची गोष्ट सांगितली. मागच्या उन्हाळ्यात बाभळीचा काटा घेऊन आत्या दिवसभर घरात फिरल्या होत्या. फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा आम्ही पाय पाहिला, तोवर त्यांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ही चामखीळ लागट असते. ओल्या मोरीतून लागते, टॉवेलातून लागते, वजरीतून तर नक्कीच. ब्लेडनं सोलली की आजूबाजूच्या कातडीत पसरते. तुमची जायला महिने लागतील पण बरी होईल. त्यांच्या पायाला मात्र साधी जखमसुद्धा परवडणारी नाही. आजपासून दोघींनी घरात चप्पल घालायची, मोरीतसुद्धा. त्यांचे तळवे रोज कोणीतरी पाहायचे. आणि त्यांना काही दिसलं तर घरी काही लावायचं नाही, तडक इकडं आणायचं. चामखिळीचं औषध कातडी जाळणारं असतं, शुगरच्या माणसानं ते आपल्या मनानं लावायचंच नाही.

रिक्षात बसल्यावर मला माझा पाय आठवेना. मामा डोळ्यांपुढं आले. मामांनाही शुगर होती. त्यांना चप्पल चावली होती, बस्स, एवढंच. आधी बोट काढलं, मग गुडघ्याखाली पाय काढला, आणि वर्ष भरायच्या आत मामा गेले. आमच्या घरात तेव्हापासून कोणी चप्पल चावली असं मोठ्यानं म्हणत नाही.

वाळीत

येताना मी दोन जोड घेतले. मऊ रबरी चपला, माझ्या करड्या, आत्यांच्या निळ्या. इथंच माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं दुखण्याशी भांडायचंय. भांडण निघालं उंबऱ्याशी.

आमच्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही. पाहुणा असो, वायरमन असो, दाराशी काढायची. हॉलच्या कोपऱ्यातच देव आहेत. मी निळा जोड आत्यांच्या पुढं ठेवला, तर त्यांनी पाय असे मागं ओढले जसं मी विंचू ठेवला. मी सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या, का म्हणाल्या, रेघा कशा जुळतात तेसुद्धा. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "देवापुढून चपला फटफटवत फिरू व्हय मी? ह्या वयात?"

हे कामावरून आले तर त्यांना दोघींकडून ऐकावं लागलं. ते म्हणाले, थोडं तू सांभाळून घे, थोडं आई सांभाळून घेईल. म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या घरात भांडण मिटवायची ही एकच पद्धत आहे, दोघींना अर्धं अर्धं सांगायचं आणि टीव्ही लावायचा.

मी माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर टाकला. पाय शेकायचा टब मागच्या गॅलरीत नेला. वजरी माळ्यावर टाकली, तर आत्यांनी ती काढायला लावली, चिंच लावून लखलखीत केली आणि परत कोनाड्यात ठेवली. पितळ हाय, पितळाला काय व्हतंय, असं म्हणाल्या. मी माझ्यासाठी घासायचा कागद आणला, वापरला की फेकायचा. आत्या हे सगळं खाटेवर बसून पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "टॉवेल येगळा, दोरी येगळी. मला वाळीत टाकलं का गं?"

"तुम्हाला नाही आत्या, मला टाकलंय," मी म्हटलं. खरंच तसंच होतं. पण त्यांना ते पटलं नाही. निळ्या चपला दाराबाहेर स्टँडवर तशाच पडून राहिल्या, किमतीची चिठ्ठी लोंबत. मी घरात जाड मोजे घालायला लागले. त्या अनवाणीच.

माझा उपचार चालू झाला. डॉक्टरीणबाई एका नळीतून पांढरी वाफ मारायच्या. बर्फ आणि विस्तव एकदमच लावल्यासारखं व्हायचं. मी खुर्चीचे हात धरून मनात ज्यांना ज्यांना शिव्या द्यायच्या राहिल्यात त्यांना देऊन घ्यायची. मग फोड यायचा, ठणकायचा, वाळायचा. घरी रोज पाय कोमट पाण्यात भिजवायचा, औषध फक्त त्याच जागेवर लावायचं, चिकटपट्टी मारायची, हात साबणानं धुवायचे. कंटाळवाणं काम. चार दिवस सोडलं की ती चामखीळ परत माजायची. कंपनीत एका मैत्रिणीनं सुपरवायझरला न विचारताच तिची बसायची जागा मला दिली. मी तिला कधी नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, मी त्या दिवसांत सगळ्यांवर वसकत होते.

कारण माझं डोकं सगळं आत्यांच्या पायात अडकलं होतं. रोज म्हणायची, आत्या, तळवा दाखवा. रोज त्या लुगड्याखाली पाय घेऊन बसायच्या. सासूनं सुनेपुढं तळवे करायचे का, हा एक मान. आणि पुढं पुढं तर मी आले की त्या उठूनच जायच्या. तेव्हाच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता. मला वाटलं, रुसल्यात.

वास

एक दिवस पहिली पाळी करून घरी आले. जिन्यातच वास आला. ज्यानं एकदा घेतलाय तो हा वास विसरत नाही, तेलकट, करपट, नाकात बसणारा. मी बूट न काढताच आत पळाले. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत पहिलं पायताण असं आलं.

आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. पुढं दिवा, हातात सुई, सुईला बिब्बा. डावा पाय उजव्या मांडीवर. तळव्यावर रुपयाएवढा काळा डाग.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "काय दुखलं नाय बघ. लई येळ टेकवला, पर एक चटका बसला नाय."

चटका लागला की थांबायचं, हा नेम त्यांनी जन्मभर पाळला होता. हजार बायांचे पाय असे बरे केले होते. आता चटका लागतच नव्हता, म्हणून त्या थांबल्याच नव्हत्या. परत परत तापवून टेकवत राहिल्या होत्या.

मी दिवा विझवला आणि तिथंच फरशीवर बसून रडले. आत्या गोंधळल्या. मला म्हणत होत्या, आगं मला झालंय, तू काय रडती.

पेनाची रेघ

दुखतच नाही तर दवाखाना कशाला, म्हणून आत्या अडून बसल्या, आणि दोन दिवसांत पाय सुजला, ताप आला, आणि शुगर अशी चढली की डॉक्टरीणबाईंनी हात लावला नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सर्जननी पाय पाहिला. जखमेच्या वर घोट्यापर्यंत लाली चढली होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि लालीच्या कडेनं पायावर एक रेघ ओढली. म्हणाले, लाली या रेघेच्या खाली राहिली तर बरं. वर गेली तर मग आपल्याला बोलावं लागेल.

काय बोलावं लागेल ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला सांगायची गरजही नव्हती. आत्या रेघेकडं पाहत होत्या. सर्जन गेल्यावर म्हणाल्या, "तुझ्या मामांच्या बी पायावर आशीच रेघ ओढली व्हती."

त्यानंतर त्यांनी जेवण सोडलं. पाय काढायचा असेल तर मला गावाकडं न्या, दोन्ही पायांनी जाईन, असं एकच म्हणायला लागल्या. हे बाहेर जाऊन उभे राहायचे. बापाचं सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं, त्यांच्याच्यानं दुसऱ्यांदा बघवत नव्हतं. मी वॉर्डात बसायची. सकाळी बोट टोचून शुगर, मग सलाईन, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगवाली सिस्टर पट्टी सोडायची तेव्हा मी जखम बघायचीच नाही, आधी रेघ बघायची. पहिल्या सकाळी लाली रेघेला टेकली होती. दुसऱ्या सकाळी एका बाजूनं बोटभर वर गेली होती. आत्यांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. सर्जननी औषध बदललं.

शेजारच्या खाटेपाशी सिल्लोडच्या एक बाई होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या, सगळे त्यांना खाला म्हणायचे. त्याचा अंगठा काढला होता. आत्यांशी त्यांची मक्याच्या भावावरून ओळख निघाली होती. त्या दिवशी आत्यांनी ताट सरकवलं तर खाला उठून आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अंगूठा गया अम्मा, आदमी तो रह गया ना. तुम खाना खा लेव." आत्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. आम्ही दोघांनी किती विनवलं होतं, आमचं ऐकलं नव्हतं.

दुपारी वॉर्ड शांत झाला तेव्हा मी विचारलंच. आत्या, कधीपासून होतं पायाला? मला का नाही दाखवलं?

त्या छताकडं पाहत म्हणाल्या, बरेच दिवस झाले, हाताला गाठ लागत होती. मग थांबल्या. "तुझ्यासारखंच झालंय वाटलं. तुला कळलं आसतं तर तू म्हणली आसती, माझ्यामुळं झालं. आधीच तू लंगडत कामाला जाती. म्हणलं, गुपचूप जाळून टाकावं."

मी इतके दिवस त्यांना हट्टी म्हणत होते, मनात तर त्याहून वाईट म्हणत होते. आणि ही बाई माझ्या जिवाला घोर नको म्हणून स्वतःचा पाय जाळत बसली होती. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की काय करावं कळेना. मी त्यांचं पांघरूण उगाच दोनदा नीट केलं.

त्यांच्या पायाला झालं होतं ते माझ्याच चामखिळीचं, का साधं कुरूप, ते कधीच कळलं नाही. सर्जन म्हणाले, जळल्यावर आता काय सांगणार. मी तो प्रश्न घेऊन अजूनही कधीकधी जागी होते.

पुढच्या सकाळी लाली होती तिथंच होती. त्याच्या पुढच्या सकाळी सिस्टरनं पट्टी सोडली, वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, ताई, या इकडं. लाली रेघेच्या खाली उतरली होती. रेघ आणि लालीच्या मधे बोटभर चांगली, सावळी कातडी दिसत होती. मी बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

रेघा

पाय राहिला. जखम भरायला फार दिवस गेले, पण राहिला. घरी आणलं त्या दिवशी आत्या दाराशीच थांबल्या. मला म्हणाल्या, आतून हळदी-कुंकू आण. मला वाटलं, स्वतःवरून काही उतरवायला सांगतायत. मी करंडा आणला. त्यांनी स्टँडवरचा निळा जोड खाली घ्यायला लावला, चिठ्ठी तोडली, आणि खुर्चीवर बसूनच दोन्ही चपलांना हळदी-कुंकू लावलं. नव्या गाडीला लावतात तसं. मग म्हणाल्या, "आता चाला. देवाला बी कळतंय."

बऱ्या पायात एक चप्पल आणि पट्टीच्या पायाला दवाखान्याचा जोडा, अशा त्या देवापुढून खाटेपर्यंत गेल्या. वजरी त्यांनी आपण होऊन मोडीत द्यायला सांगितली. मोराची मूठ तेवढी कापून ठेवून घेतली.

आता आमच्याकडं संध्याकाळचा दिवा लागला की एक काम असतं. आत्या खाटेवर पाय लांब करतात, मी दोन्ही तळवे उजेडात बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. त्या लाजत नाहीत. उलट मला उशीर झाला तर हाक मारतात, "ये गं, पाय बघायचे राहिलेत." तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर एवढं करा. रुसलं तरी करा.

परवा त्यांचं बघून झालं आणि मी उठणार तर त्या म्हणाल्या, "बस. तुझा दे."

मी नको म्हटलं. सासूनं सुनेचा पाय हातात घ्यायचा, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. मी लग्न झाल्यापासून त्यांच्या पाया पडत आले. पण त्यांनी माझा घोटा धरला आणि ओढून मांडीवर घेतला. चष्मा लावला. मोबाइलची बॅटरी मलाच धरायला लावली. मग अंगठ्यानं चामखिळीची जागा चाचपून बराच वेळ पाहत राहिल्या. मला दिसत नव्हतं, मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते.

"जुळल्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रेघा. हितून तिथवर सरळ गेल्यात."

मी पाय काढून घ्यायला गेले. त्यांनी सोडला नाही.